बाळंतीण घरी आली. बाळाला दूध पुरतंय हे कसं ओळखायचं?

बाळ रडलं की घरातले चारजण “दूध कमी पडतंय” म्हणतील. रडण्यावर जाऊ नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून 24 तासांत 6 किंवा जास्त वेळा फिकट शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. सुरुवातीला वजन थोडं घटतं, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. 8 ते 12 वेळा पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं. पाणी, गुटी, मध काही नको. मध तर वर्षभर नाहीच, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. (आजींना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या.) बाळ मलूल झालं, ओढेना किंवा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.