तिकीट तीनदा रद्द केलंस, त्याबद्दल

तुझी तक्रार थोडक्यात अशी: आठ महिने पोकरचा अभ्यास झाला, वहीत चार्ट भरलेत, घरी मित्रांबरोबर पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर (खेळातल्या चकत्यांवर) चांगला खेळतोस. पण खऱ्या टेबलवर बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. गोव्याची बस तीनदा बुक केलीस आणि तीनदा रद्द केलीस. हा आळस कसा घालवू, असं विचारतोयस.

अरे, हा आळस नाहीच. आळशी माणूस आठ महिने सुरुवातीच्या हातांचे (कुठले दोन पत्ते आले तर खेळायचं याचे) तक्ते पाठ करत बसत नाही. अभ्यास ही तुझी लपायची जागा झाली आहे. तिथे कोणी हरवत नाही आणि वर मेहनत केल्याचं समाधानही मिळतं.

माझं सांगतो. पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा खिशात २०,००० होते, त्यातले १२,००० पुढच्या महिन्याच्या भाड्याचे. जेटीवरून लाँचने आठ वाजता बोटीवर पोचलो आणि पोकर टेबलवर बसलो साडेअकराला. मधले साडेतीन तास बफेत गेले. तिकिटात जेवण धरलेलं होतं, म्हणून आधी सूप, मग जेवण, मग डेकवर जाऊन पणजीचे दिवे, मग पुन्हा खाली येऊन गुलाबजाम. मधेमधे टेबलपाशी जायचो आणि 'गर्दी आहे' म्हणत मागे फिरायचो. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

शेवटी बसलो. ब्लाइंड (दर डावाला दोघांनी पत्ते बघण्याआधीच लावायची रक्कम, एक छोटी, एक मोठी) ५०-१००, बाय-इन (टेबलवर बसताना घ्यायच्या चिप्स) १०,०००. तासाभराने हातात एक्का-राणी आली आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलवर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, आणखी एक राणी. फ्लॉपवर बदामाचे दोन पत्ते होते, तिसरा बदाम शेवटपर्यंत आला नाही, म्हणजे बदामांच्या आशेवर थांबलेल्याच्या हाती काही लागलं नसणार. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्यानंतर, पॉट (मधे जमलेले पैसे) ४,००० आणि समोरच्या काकांनी २,००० लावले. म्हणजे २,००० घालून ६,००० मिळवायचे. चारांत एकदा जरी काका ब्लफ करत (हातात काही नसताना पैसे लावत) असतील तरी कॉल, म्हणजे तेवढेच पैसे भरून पत्ते बघणं, बरोबरीत सुटतो, आणि हे काका तासभर याच्या कितीतरी जास्त वेळा उघडे पडले होते. हा हिशेब मला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. पण टेबलवर मला चिप्स दिसतच नव्हत्या, घरमालक दिसत होते. पत्ते टाकले. काकांनी आपले न दाखवताच डीलरकडे सरकवले. त्यांच्याकडे काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

साडेतीन तास बफेत काढणं आणि तो हात टाकून देणं, दोन्हीचं मूळ एकच. चुकीचे पैसे खिशात होते. त्यामुळे तुझा पहिला प्रश्न 'भीती कशी घालवू' हा नको, 'भीती खरं बोलतेय का' हा हवा. कॅश गेमसाठी (स्पर्धा नाही, थेट पैशांचा खेळ) २० ते ३० बाय-इन बाजूला असावेत असं जुने खेळाडू सांगतात. १०,००० च्या टेबलसाठी ते दोन-तीन लाख होतात. तेवढे नसतील, तर जे नेतोयस त्याला बँकरोल (फक्त खेळासाठी राखलेले पैसे) म्हणू नकोस, तो सहलीचा खर्च आहे. गेला तरी घरात कुणाला कळणार नाही एवढाच ठेव. आणि पैसे उसने असतील, किंवा मागचे हरलेले भरून काढायला जात असशील, तर तिकीट रद्द केलंस ते उत्तम केलंस. चौथ्यांदाही कर. तसं असेल तर पोकर बाजूला ठेवून आधी घरच्या कुणाशी तरी बोल.

पूर्वी अ‍ॅपवर दहा-वीस रुपये घेऊन बसता यायचं, भीती तिथे मोडायची. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानंतर पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, ती सोय गेली. आता पहिलाच घास मोठा घ्यावा लागतो, हे तुझ्या बाजूने मान्य.

आता पैसे ठीक आहेत असं धरू. उरते ती 'मी हरलो तर आठ महिने वाया' ही भीती. तिच्यावर मला आकड्यांनी उतारा मिळाला. खऱ्या टेबलवर तासाला २५-३० हात होतात. सहा तास बसलास तर फार तर १८०. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. म्हणजे रात्रभर ती दिसली नाही तर त्यात विशेष काही नाही. हातात जोडी असेल तर फ्लॉपवर तिसरा जुळायचं प्रमाण साधारण साडेआठात एक. चांगला खेळाडू, दर शंभर हातांना सरासरी पाच मोठे ब्लाइंड कमावणारा, तोही १०,००० हातांनंतर तोट्यात असायची शक्यता साधारण २५ ते ३० टक्के असते. १०,००० हात म्हणजे तुझ्या पन्नासहून जास्त रात्री! आणि तू एका रात्रीत स्वतःचा निकाल लावायला निघालायस.

मी काय केलं ते सांगतो, तुला जमेल ते घे. जिंकलो-हरलो लिहिणं वर्षभर बंद केलं. खिशात छोटी वही ठेवली. अडचणीचा हात आला की टेबलवरून उठल्यावर पॉट किती होता, किती भरायचे होते, मी काय केलं आणि का, एवढंच टिपायचं. 'का' च्या पुढे 'भीती वाटली' असं खरं लिहायचं. गोव्याच्या पहिल्या दोन फेऱ्यांत ते सात वेळा लिहिलं होतं. आणि बसायची वेळ आधीच ठरवली: बोटीवर पाय ठेवल्यापासून पंधरा मिनिटांत खुर्चीत, तीन तासांनी उठायचं, पुढे असो वा मागे. उठायची वेळ ठरलेली असली की बसायला तितकं जड जात नाही, हे मला फार उशिरा कळलं.

काकांसमोर टाकला तसाच हात पुढे कधीतरी पुन्हा आला. या वेळी कॉल केला. समोर माझ्या एका जोडीपेक्षा वरचढ अशा दोन जोड्या निघाल्या, २,००० गेले. वहीत 'बरोबर' लिहिलं आणि मग जेवायला गेलो.

जाऊन आलास की तीन-चार हात इथे टाक, पत्ते आणि पॉटच्या रकमेसकट. किती जिंकलास ते लिहायची गरज नाही.