सगळं मशीनच करतं, मग डेंटल लॅबमध्ये हाताचं काम शिकायचं कशाला?

तुम्ही विचारलंय की चित्रकलेचा हात बरा आहे, डेंटल टेक्निशियन व्हायचं मनात आहे, पण आता स्कॅनर, डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि मिलिंग मशीन आल्यावर मेण कोरायला आणि सिरॅमिक चढवायला शिकण्यात काही अर्थ उरलाय का. उरलाय. मात्र चित्रकलेचा हात या धंद्यात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर येतो. आधी कळायला लागतं ते हे, की हातातला पदार्थ किती आकसणार आणि किती फुगणार.

लॅबमध्ये येणारी प्रत्येक वस्तू आपलं माप बदलायला टपलेली असते. अल्जिनेटचं माप, म्हणजे त्या पदार्थात घेतलेला दातांचा ठसा, उघडं राहिलं की पाणी सोडून आकसतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर फुगतं. म्हणून ते ओल्या कपड्याच्या दमटपणात झाकून ठेवायचं आणि शक्य तितक्या लवकर त्यात मॉडेल ओतायचं. डायस्टोन, म्हणजे मॉडेलसाठीचं कडक प्लास्टर, घट्ट होताना किंचित फुगतो. १०० ग्रॅमला साधारण २० ते २४ मिलि पाणी लागतं, साध्या प्लास्टरला याच्या दुप्पट. पाणी जास्त झालं तर मॉडेल ठिसूळ होतं आणि फुगण्याचं गणितही बिघडतं. डोळ्यांच्या अंदाजाने पाणी घालणारे महाभाग प्रत्येक लॅबमध्ये असतात. कॅप बसत नाही म्हणून परत आली की ते खापर डॉक्टरांच्या मापावर फोडतात.

धातूच्या कॅपचंही तसंच. कोबाल्ट-क्रोमचा रस थंड होताना दोन टक्क्यांच्या वर आकसतो. ही तूट इन्व्हेस्टमेंट, म्हणजे मेणात कोरलेल्या कॅपभोवती ओतलेली साच्याची माती, भरून काढते, कारण मेण जाळताना भट्टीत ती स्वतः फुगते. फॉस्फेट इन्व्हेस्टमेंटसोबत येणाऱ्या द्रवात डिस्टिल्ड वॉटर जास्त मिसळलं की फुगणं कमी होतं आणि कॅप घट्ट येते. कमी मिसळलं की सैल. हे प्रमाण प्रत्येक लॅब आपापल्या भट्टीवर आणि धातूवर बसवून घेते, दुसऱ्याकडून उतरवून घेतलेला आकडा क्वचितच चालतो.

सिरॅमिकमध्ये हा खेळ डोळ्यांसमोर चालतो. पावडर द्रवात कालवून ब्रशने थर चढवायचे: आधी धातू झाकणारा ओपेक, तो भाजून झाला की दाताच्या आतल्या रंगाचं डेंटिन, मग वरचं एनॅमल. एकेक थर चढवताना मॉडेलला हलके टिचके द्यायचे, म्हणजे कण दाटीने बसतात आणि पाणी वर येतं. ते टिश्यूने टिपायचं, पुन्हा टिचका, पुन्हा टिपणं. या टिपण्यात आळस केला की भाजल्यावर दात जास्त आकसतो आणि आत बुडबुडे राहतात. भट्टीच्या तोंडाशी तो नीट वाळू द्यायचा, घाईने आत सरकवला तर वाफेने तडकतो. भाजल्यावर आकार पाचवा हिस्सा तरी घटतो, म्हणून मुद्दाम मोठा दात घडवायचा. कुठे किती मोठा, तेही सगळीकडे सारखं नसतं. समोरच्या दाताच्या टोकाला जास्त, मानेशी कमी. हा अंदाज हाताला यायला वेळ लागतो आणि त्याला शॉर्टकट नाही.

आता मशीनकडे या. झिर्कोनियाचा, म्हणजे कॅपसाठीच्या कणखर सिरॅमिकचा, ब्लॉक खडूसारखा मऊ असताना कापतात आणि मग सुमारे १५०० अंशांवर काही तास भाजतात. त्यात तो प्रत्येक बाजूने वीस टक्क्यांच्या आसपास आकसतो. म्हणून सॉफ्टवेअर तेवढंच मोठं डिझाइन कापतं आणि त्यासाठीचा आकडा उत्पादक ब्लॉकवर छापून देतो. बॅच बदलली आणि आकडा जुनाच राहिला, की बाकी सगळं बिनचूक असूनही कॅप बसणार नाही. ज्याने एकदा तरी हाताने सिरॅमिक भाजलंय त्याला ही चूक पटकन सापडते. ज्याने भाजलं नाही तो स्कॅनर पुन्हा पुन्हा चालवत बसतो.

मशीनला मार्जिनही आपणच दाखवायची असते. डॉक्टरांनी दात जिथपर्यंत घासलाय ती रेषा सॉफ्टवेअर आपोआप ओढतं खरं, पण हिरड्या दातापासून बाजूला सारलेल्या नसतील किंवा मापात रक्त-लाळ आली असेल तर ती रेषा हिरडीवर चढते. स्क्रीनवर मॉडेल मोठं करून सगळ्या बाजूंनी फिरवून बघा. रेषा कुठेही धूसर दिसली तर हात थांबवून डॉक्टरांना फोन करा आणि नवं माप मागा. नवख्यांना हा फोन जड जातो. अंदाजाने ओढलेली कड तोंडात उघडी राहते, तिथे कॅप चिकटवणारं सिमेंट झिजतं आणि खाली कीड लागते, हे लक्षात ठेवलं की फोन हलका वाटतो.

चित्रकला खरी उपयोगी पडते शेडला आणि आकाराला. नेहमीच्या शेड गाइडवर, म्हणजे दाताच्या रंगांच्या नमुन्यांच्या संचावर, १६ रंग असतात, चिठ्ठीवर नुसतं 'ए-३' लिहून येतं आणि पेशंटच्या शेजारच्या दातात तीन छटा असतात. शेडचा टॅब, म्हणजे गाइडमधला नमुन्याचा दात, दाताला लावून काढलेला फोटो मागा. कॅप थोडी पारदर्शक असणार असेल तर आतल्या घासलेल्या दाताचा रंगही विचारा, काळवंडलेला दात खालून डोकावतो. आकारासाठी एकेका दाढेचे उंचवटे आणि खाचा मेणात कोरून बघा. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतला तयार दात चावताना भिडणाऱ्या दाताशी जुळवताना कुठे घासायचं, ते या सरावातूनच सुचतं.

एक गोष्ट कोर्समध्ये घाईने उरकतात. इन्व्हेस्टमेंट आणि सिरॅमिकच्या धुळीत सिलिका असते, धातू घासताना निकेल-कोबाल्ट उडतं. कापडी मास्कने ही धूळ अडत नाही. कवळीच्या ॲक्रिलिकचा मोनोमर लेटेक्सच्या ग्लोव्हमधून आरपार जातो आणि त्याची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही. शिकायला लॅब निवडताना मशीन कुठल्या कंपनीचं आहे ते मागाहून विचारा. आधी प्रत्येक टेबलाला सक्शन आहे का आणि काम चालू असताना ते चालू असतं का, ते बघा.