सावत्र वडिलांनी वाढवलेल्या मुलाचा ताबा जन्मदात्याने मागितल्यास मुलाचे म्हणणे विचारात घेतले जाते का?

होय, घेतले जाते. आपला नऊ वर्षांचा भाचा तिसऱ्या वर्षापासून सावत्र वडिलांकडे वाढला आहे आणि आईच्या निधनानंतर जन्मदाते वडील त्याचा ताबा मागत आहेत, असे आपण लिहिले आहे. कुटुंब हिंदू आहे असे धरून सांगतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 नुसार सावत्र वडील नैसर्गिक पालक ठरत नाहीत, ही त्यांची कमकुवत बाजू आहे. रीतसर दत्तक झाले असते, तर चित्र पूर्ण वेगळे असते. मात्र त्याच कायद्याचे कलम 13 मुलाच्या कल्याणाला सर्वोच्च स्थान देते, आणि पालक व पाल्य अधिनियम, 1890 चे कलम 17 समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा न्यायालयाला देते.

म्हणून सावत्र वडिलांनी वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात रक्ताच्या नात्याशी वाद घालत बसू नये. प्रगतिपुस्तकावर सही कोणाची आहे, लसीकरणाचे कार्ड कोणी जपून ठेवले आहे, रात्री ताप आल्यावर दवाखान्यात कोण धावले, हे कागदांसह मांडावे. न्यायाधीश पुष्कळदा मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात. त्या दिवसासाठी त्याला उत्तरे पढवू नका, ही कळकळीची विनंती. दप्तराचा पट्टा बोटांभोवती गुंडाळत पाठ केलेले वाक्य म्हणणारे मूल पाहून जीव तुटतो. जन्मदात्या वडिलांच्या नियमित भेटींची तयारीही न्यायालयात द्यायच्या लेखी उत्तरातच लिहून द्यावी, कारण ते नातेसुद्धा त्या मुलाचेच आहे.