मी पश्चिमेला सूर्य उगवताना पाहिलाय

प्रश्न असा आहे की विमानप्रवासातला कोणता अनुभव असा असतो जो चारचौघांत मिरवावा आणि ऐकणाऱ्याला हेवा वाटावा, आणि त्याला जोडून असंही विचारलंय की युरोपहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जायचंय तर साठवलेले पॉइंट्स बिझनेस क्लासच्या अपग्रेडला घालू का.

जोडप्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. जाताना घालू नका. ती फ्लाइट बहुतेक वेळा दिवसाची असते, आणि दिवसाउजेडी त्या मार्गावर आडवं होऊन झोपायचं म्हणजे नाटकाचं पहिल्या रांगेतलं तिकीट काढून डोळे मिटून बसण्यासारखं आहे.

आता मुख्य मुद्दा. हा प्रश्न वाचून मला राहवलं नाही कारण आमच्या घरात यावर कित्येक वर्षं वाद चालू आहे. माझे दाजी कामानिमित्त खूप फिरतात आणि त्यांच्या मते मिरवण्यासारखा विमानप्रवास म्हणजे फ्लॅट बेड, लाउंज आणि बोर्डिंगला सगळ्यात आधी जाणं. मी खिडकीची सीट मागून घेते याला ते पोरखेळ म्हणतात. "काय असतं गं त्या खिडकीत, ढगच ना?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर लिहूनच ठेवते.

तर खिडकीत काय असतं ते ऐका. नोव्हेंबर संपत आला होता, लंडनहून लॉस एंजेलिसची दुपारी सुटणारी फ्लाइट, माझी सीट इकॉनॉमीत डावीकडे, पंखाच्या पुढे. निघाल्यावर थोड्याच वेळात सूर्य मावळला. त्यात नवल काही नाही, तिकडे त्या दिवसांत चारच्या सुमाराला अंधारायला लागतं. पण मावळल्यावर अंधार पडायला पाहिजे ना, तो काही पुरता पडेना. नैर्ऋत्येला क्षितिजावर एक केशरी पट्टा राहिला तो राहिलाच. आइसलँड मागे पडलं, ग्रीनलँड आलं, खाली बर्फ निळसर राखाडी दिसत होतं आणि पट्टा तसाच, कधी जरा बारीक व्हायचा, कधी परत रुंद. तोवर केबिनमधले दिवे मालवले होते, सगळ्यांनी खिडक्यांच्या झडपा ओढल्या होत्या आणि अख्खं विमान झोपलेलं किंवा स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेलं. मी झडप चार बोटं उघडी ठेवून, डोक्यावरून पांघरूण घेऊन बघत होते. पांघरूण अशासाठी की आतल्या स्क्रीनचा उजेड काचेवर पडला की बाहेरचं काही दिसत नाही.

कॅनडाच्या उत्तर भागावर आल्यावर तो पट्टा वाढायला लागला. मला आधी वाटलं डोळे सवयीचे झाले म्हणून तसं दिसतंय. पण केशरीचा पिवळा झाला, खालचे गोठलेले तलाव एकेक करून ओळखू यायला लागले. तेवढ्यात केबिन क्रूमधली एक मुलगी आली आणि हळू आवाजात म्हणाली की मॅडम, लोक झोपलेत, झडप लावाल का. मी तिला म्हटलं, दोन मिनिटं थांब आणि हे बघ. ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली. विमानाच्या खिडकीच्या काचेत खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं बघा, हवेचा दाब सांभाळायला आणि काचेवर वाफ धरू नये म्हणून ठेवलेलं, त्याच्याभोवती बर्फाचे कण फुलासारखे जमतात. ते कण आधी पेटले. एकदम लालभडक. मग नाक काचेला लावून पुढच्या बाजूला बघितलं तर डाव्या कोपऱ्यात, जिथे काही तासांपूर्वी सूर्य बुडाला होता त्याच बाजूला, त्याची वरची कड दिसली आणि तो वर आला. अगदी सावकाश, एरवीच्या सूर्योदयापेक्षा कितीतरी सावकाश. खाली जमिनीवर अजून ऊन पोचलं नव्हतं. मागे कोणीतरी कॉलबेल दाबली तेव्हा कुठे ती मुलगी हलली, आणि झडपेबद्दल परत काही बोलली नाही. पुढे तो सूर्य बराच वेळ क्षितिजाच्या थोडासा वर जागच्या जागी लटकून होता आणि उतरायच्या जरा आधी दुसऱ्यांदा मावळला. एका दिवसात दोन सूर्यास्त आणि मधे पश्चिमेकडून सूर्योदय. आपल्याकडे एखाद्याने न होणारं काम केलं की म्हणतात आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं. मी तो उगवताना पाहिलाय, आणि हे मी जिथे विषय निघेल तिथे सांगते.

घरी आल्यावर सांगितलं तेव्हा दाजी म्हणाले, झोपेत असशील. फोटो दाखवला तर म्हणाले हा तर साधा सूर्यास्त आहे. बरोबरच आहे, एका फोटोत वर येणारा आणि खाली जाणारा सूर्य सारखाच दिसणार. म्हणून मी त्यांना तिथेच बसून हिशोब करून दाखवला, तो इथेही देते. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किमी, तो २४ तासांत फिरतो, म्हणजे तिथली जमीन ताशी सुमारे १,६७० किमीने पूर्वेला पळते. आजचं प्रवासी विमान तिथे सूर्याला गाठूच शकत नाही. पण उत्तरेला जाल तसा तो घेर लहान होत जातो. ६० अक्षांशावर वेग निम्मा, ८३५. ७० अक्षांशावर ५७० च्या आसपास. आणि आपलं साधं प्रवासी विमान समोरचा वारा खाऊनसुद्धा ताशी ८००-८५० किमीने पश्चिमेला जातं. म्हणजे ग्रीनलँडच्या अक्षांशावर तुम्ही पृथ्वीच्या फिरण्याला मागे टाकता, तुमच्यापुरतं घड्याळ उलटं चालतं. त्यात हिवाळ्यात उत्तरेला जाताना सूर्य आधी हरवतो, आणि विमान दक्षिणेकडे वळलं की परत सापडतो. या दोन्ही गोष्टी मिळून हा सूर्योदय होतो. दाजींनी हिशोब दोनदा तपासला, चूक सापडली नाही, तर म्हणाले "असेल, पण पाठ दुखली असेल ना?" हो, थोडी दुखली. मग?

आणि आराम म्हणजेच हेवा वाटण्यासारखं असतं तर कॉन्कॉर्ड या विमानाचं नाव कोणी काढलं नसतं. १९७६ ते २००३ ते प्रवासी घेऊन उडालं, आत दोन-दोनच्या अरुंद सीटा, खिडक्या तळहाताएवढ्या, आणि तरी त्यात बसलेला माणूस आजही सांगतो आणि लोक ऐकतात. का? आवाजाच्या दुप्पट वेग, ६०,००० फुटांपर्यंतची उंची, वर आकाश काळसर जांभळं, आणि हिवाळ्यात लंडनहून सूर्यास्तानंतर निघालं की वाटेत सूर्य पश्चिमेकडून वर यायचा. तोच सूर्य, जो मी इकॉनॉमीत बसून बघितला. त्याहून हेवा मला एकाच प्रवासाचा वाटतो. ३० जून १९७३ ला कॉन्कॉर्डच्या पहिल्या प्रोटोटाइपमध्ये छताला खिडक्या पाडून शास्त्रज्ञ बसले आणि आफ्रिकेवरून चंद्राच्या सावलीबरोबर उडत राहिले. जमिनीवर ते खग्रास ग्रहण फार तर सात मिनिटं होतं, त्यांना ७४ मिनिटं मिळालं. यापुढे कोणाचा फ्लॅट बेड सांगता?

बाकी मिरवण्यासारख्या गोष्टी आहेत, पण त्यातही भेद करा. स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सगळ्यात छोटी नियमित फ्लाइट आहे, २.७ किमी, दोन मिनिटांच्या आत संपते, ती जरूर मिरवा. तिथलंच बारा (Barra) नावाचं बेट, विमान समुद्रकिनाऱ्यावर वाळूत उतरतं आणि भरतीप्रमाणे टाइमटेबल बदलतं, तेही मिरवा. नेपाळमधलं लुकला विमानतळ तर मिरवाच, २,८०० मीटरच्या वरची चढती धावपट्टी, जेमतेम अर्ध्या किलोमीटरची, एका टोकाला डोंगराची भिंत. हाँगकाँगच्या जुन्या काई ताक विमानतळावर ज्यांनी इमारतींच्या डोक्यावरून वळण घेत लँडिंग अनुभवलं त्यांच्याशी तर कोणी स्पर्धाच करू शकत नाही, तो विमानतळ १९९८ ला बंद झाला. पण सिंगापूर-न्यूयॉर्क ही सगळ्यात लांब फ्लाइट केली म्हणून मिरवणाऱ्यांचं मला पटत नाही. १८ तास बसून राहिलात, ठीक आहे. आणि टर्ब्युलन्समध्ये आपण कसे मरता मरता वाचलो हे सांगणाऱ्यांचं तर अजिबातच नाही. विमानं त्याहून कितीतरी जास्त ताण सोसायला बनवलेली असतात, तुम्ही फक्त घाबरला होता.

तुम्हाला हे बघायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. पश्चिमेला जाताना सीट डावीकडची घ्या, कारण सूर्य दक्षिणेला असणार. पंखाच्या पुढे मिळाली तर उत्तम, इंजिनाच्या मागे गरम हवेमुळे सगळं थरथरतं. काही विमानांत एखाद्या रांगेला खिडकीच नसते, बोइंग ७३७ मध्ये एसीचे पाइप वर जातात तिथे नुसती भिंत असते, तेव्हा सीट मॅप नीट बघून घ्या. पहिला सूर्यास्त होत असताना एकदा उठून उजव्या बाजूच्या दारातल्या छोट्या खिडकीतून बघा, क्षितिजावर गडद निळा पट्टा दिसतो आणि त्यावर गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे खुद्द पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. आणि दिवसा ढगांवरून जाताना सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसला असाल तर विमानाच्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं, ट्रेकर मंडळी ज्याला इंद्रवज्र म्हणतात ते. ढगच ना, म्हणणाऱ्यांना हे ढगावरच दाखवायचं.

खिडकी हा ज्याचा त्याचा हक्क आहे असं माझं स्पष्ट मत आहे, ज्याला झोपायचंय त्याने डोळ्यांवर पट्टी बांधावी. फक्त बोइंग ७८७ मध्ये झडपाच नसतात, बटणाने काच काळी होते, आणि ते बटण क्रूच्या हातातही असतं. तिथे आधीच गोड बोलून सांगून ठेवा. टेकऑफ-लँडिंगला किंवा इतर वेळी क्रूने सुरक्षेसाठी काही सांगितलं तर मात्र निमूट ऐकायचं, तिथे हक्क वगैरे नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. पश्चिम म्हणजे नेमकी पश्चिम नाही, नैर्ऋत्य, दाजी हा मुद्दा काढतात म्हणून मीच सांगते. हे साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, दुपारी सुटणाऱ्या फ्लाइटवर जमतं, उन्हाळ्यात तिकडे सूर्य मावळतच नाही तर उगवणार कुठून. रोजचा मार्ग वाऱ्याप्रमाणे बदलतो त्यामुळे एखाद्या दिवशी विमान इतकं उत्तरेला जाणारही नाही. आणि बरोबर वयस्कर माणूस असेल, पायाला सूज येत असेल, कंबरेचं दुखणं असेल तर अपग्रेड खुशाल घ्या, त्याला मी पोरखेळ म्हणणार नाही. पॉइंट्स घालायचेच असतील तर येतानाच्या रात्रीच्या फ्लाइटला घाला, पण बेड मिळाला तरी खिडकी सोडू नका आणि तेव्हाही डावीकडचीच घ्या, कारण पूर्वेला येताना उत्तर डाव्या हाताला असते आणि नॉर्दर्न लाइट्स दिसल्या तर त्याच बाजूला दिसतील.