एचसीजीची वेगवेगळी रूपं अँटिबॉडीला ओळखता येतात का?

तुमचा प्रश्न असा, की प्रेग्नन्सी टेस्टमध्ये सापडणारं एचसीजी हे संप्रेरक काही कॅन्सरमध्येही वाढतं, तर दोन्हींत फरक करणारी अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणारं प्रथिन, बनवता येते का? माझं रोजचं काम अँटिबॉडी तयार करण्याचंच आहे. एचसीजीची रूपं वेगळी ओळखणारी अँटिबॉडी बनते, पण ती कॅन्सर ओळखत नाही. रेणूचा एक चिमुकला भाग तेवढा तिला कळतो.

एचसीजीत दोन साखळ्या असतात. ९२ अमिनो आम्लांची अल्फा साखळी एलएच, एफएसएच आणि टीएसएच या दुसऱ्या संप्रेरकांमध्येही तीच असते, त्यामुळे तिला चिकटणारी अँटिबॉडी इथे एकटी निरुपयोगी. १४५ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीला मात्र एक शेपूट आहे, ते एलएचला नाही. १९७२ मध्ये वैटुकायटिस, ब्राउनस्टीन आणि रॉस यांनी बीटाविरुद्धचं अँटिसीरम (अँटिबॉडी असलेला रक्तद्रव) वापरून एलएचपासून एचसीजी वेगळं मोजून दाखवलं.

त्या शेपटावर शर्करेच्या फांद्या असतात. गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि कोरिओकार्सिनोमात, म्हणजे वारेच्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, त्या जास्त मोठ्या असतात. बी१५२ ही प्रसिद्ध अँटिबॉडी मिळवण्यासाठी कोरिओकार्सिनोमाच्या रुग्णाचंच एचसीजी वापरलं होतं. पण हे रूप निरोगी गर्भारपणातही येतं, म्हणून त्यावरून थेट निदान होत नाही.

आता कष्टाचा भाग. उंदराच्या प्लीहेतल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी मायलोमा पेशींशी, म्हणजे सतत वाढणाऱ्या कॅन्सर पेशींशी, जोडल्या, की ९६ खळग्यांच्या प्लेट्स भरतात. दहाएक दिवसांनी काही खळग्यांतलं लाल द्रावण पिवळसर होऊ लागतं, म्हणजे तिथे पेशी वाढताहेत. एचसीजीला चिकटणारे क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेले पेशींचे गट, त्यात सापडतात हो. पण तेच द्रावण साध्या एचसीजीवर, सुट्या बीटावर, एलएचवर लावून बघितलं, की एकेक क्लोन गळत जातो. चिकटणारी अँटिबॉडी शोधण्यापेक्षा शेजाऱ्याला न चिकटणारी शोधणं कितीतरी अवघड, आणि माझा बहुतेक वेळ त्यातच जातो.

हे इतकं जपावं लागतं, कारण एचसीजीचा आकडा किटमधल्या अँटिबॉडींवर ठरतो. अंडकोषाच्या काही गाठींतून सुटी बीटा साखळीच जास्त येते. फक्त अखंड एचसीजी पकडणाऱ्या किटला ती दिसतच नाही. उलट, काही बायकांच्या रक्तात प्राण्यांच्या अँटिबॉडींना चिकटणाऱ्या स्वतःच्या अँटिबॉडी असतात आणि एचसीजी नसतानाही टेस्ट पॉझिटिव्ह येते. तेवढ्यावरून कॅन्सर समजून केमोथेरपी दिल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. हे वाचलं तेव्हा मी हादरले होते.

म्हणून तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या रिपोर्टबद्दल हा प्रश्न असेल आणि आकडा लक्षणांशी जुळत नसेल, तर उपचारांआधी डॉक्टरांना लघवीतलं एचसीजीही तपासायला सांगा. त्या अडथळा आणणाऱ्या अँटिबॉडी सहसा लघवीत उतरत नाहीत. रक्ताचा तोच नमुना पातळ करून, दुसऱ्या कंपनीच्या किटवर पुन्हा लावायलाही सांगा. आणि उपचार चालू असताना आकड्याचा चढउतार बघायचा असेल, तर दर वेळी किट एकच ठेवा.