भूमिती: आधी दोरी, मग सूत्र

सातवी-आठवीला भूमिती पहिल्यांदाच घेताय, तर सूत्र फळ्यावर लिहायची घाई करू नका. पायथागोरसपासून सुरुवात करा. लांब दोरीवर समान अंतराच्या 12 खुणा करून तिचं कडं बनवा. तिघांना 3, 4 आणि 5 भागांच्या बाजू होतील अशी ती ताणून धरायला लावा. मोठ्या बाजूसमोर काटकोन मिळतो, गुण्या लावून खात्री करून घ्या. गाठी मारू नका, गाठीत दोरी खपते आणि भाग लहानमोठे होतात. पेनाच्या खुणा बऱ्या. दोरी ताणली जाणारी नको. मग त्याच दोरीने 4, 4, 4 करायला सांगा. काटकोन कुठे गेला, हे मुलंच विचारतील. बाजूंच्या वर्गांची बेरीज तेव्हा काढायची.

π (पाय) शिकवायला डबे, झाकणं पुरे. परीघ दोऱ्याने मोजा, व्यासाने भागा. पट्टी मध्यातून जात नाही, म्हणून व्यास हमखास कमी येतो. पट्टी सरकवत सर्वात मोठं अंतर शोधायला शिकवा. कुणाचं 3.1, कुणाचं 3.2 येईल. ते खोडू नका, फरक का पडला यावर बोला. (माझ्या मते तासातला खरा भाग हाच.)

त्रिकोणाचे कोपरे फाडून सरळ रेषेत लावणं मुलांना आवडतं, पण तो कोनांची बेरीज 180° असल्याचा पडताळा आहे, सिद्धता नव्हे. हे त्याच तासाला सांगा. आणि सावलीवरून खांबाची उंची काढायची असेल, तर काठीची आणि खांबाची सावली एकाच वेळी मोजा.