‘कसचं कसचं’ ऑफिसात चालतं का?

प्रश्न असा आलाय की ऑफिसात कुणी कामाचं कौतुक केलं की तोंडातून आपोआप ‘कसचं कसचं’ निघतं, ते बरोबर आहे का? नुसतं थँक्यू म्हटलं तर आगाऊ वाटतं, ‘धन्यवाद’ म्हटलं तर सत्कार समारंभ, मग बाईनं म्हणायचं तरी काय?

आधी ‘कसचं’ बघू. दिसायला प्रश्न, पण अर्थ चक्क नकार. ‘कसचा पाऊस न् कसचं काय’ म्हणजे पाऊस आलेलाच नाही. दोनदा म्हटलं की नकार पक्का. आमच्याकडे सोलापुरात ‘कशाचं काय ओ’ म्हणतात, काम तेच. घरात हे मस्त चालतं, कारण समोरच्यालाही माहितीय ही रीत आहे, तो परत आग्रह करणार, आपण परत नाही म्हणणार, पंगतीत वाढल्यासारखं. आमची आई शेंगाचटणीला चांगलं म्हटलं की अजून ‘कशाचं काय, लसूण कमी पडलाय’ म्हणते आणि आणखी दोन चमचे वाढते. ऑफिसात परत आग्रह करायला कुणाला वेळ आहे?

आमच्याच ऑफिसातलं सांगते, टॉवेलचं काम आहे, नाव नको. एका पोरीनं जीएसटीचा सहा महिन्यांचा घोळ तीन दिवस बसून जुळवला. साहेब म्हणाले, मस्त केलंस. ही म्हणाली, ‘कशाचं काय ओ सर, सॉफ्टवेअरनंच झालं सगळं.’ पुढच्या मीटिंगला साहेब सगळ्यांसमोर, ते काय सॉफ्टवेअरनंच होतंय, दुसऱ्या युनिटचं पण हिच्याकडेच द्या. ती मान खाली घालून वहीत मार्जिन आखत बसली. साहेबांनी खोटं काय सांगितलं, तिचंच वाक्य तिला परत दिलं.

आता गंमत अशी की आपण ‘कौतुक’ हा शब्दच जरा चुकीच्या जागी वापरतो असं माझं मत. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल, आणि लग्नात हाताला बांधायच्या मंगल दोऱ्यालाही कौतुक म्हणायचे. मराठीत त्याला माया चिकटली, लाड-कौतुक, कोडकौतुक. म्हणून ते बहुतेक वरून खाली येतं, आजी नातवाचं कौतुक करते, नातू आजीचं करायला लागला की आपल्याला हसू येतं. ‘एवढं सगळं सांभाळून करता, कौतुक आहे बाई तुमचं’ हे ऐकून बरं वाटत नाही ते त्यामुळंच, त्यात नवल जास्त आणि काम कमी. शाबास पण तसलंच, फारसीतलं ‘शाद बाश’, म्हणजे खूश राहा, पाठीवर थाप मारणाऱ्याचा शब्द.

कामासाठी खरा शब्द ‘दाद’. हाही फारसीच, आणि मूळ अर्थ न्याय! म्हणून कोर्टात दाद मागतात आणि गाण्याला दाद देतात, एकच शब्द. दाद द्यायला समोरच्याला त्यातलं कळावं लागतं. आणि कौतुकाला ‘कसचं कसचं’ शोभतं, पण दादेला तेच म्हटलं तर आपल्या बाजूनं लागलेला निकाल आपणच फिरवून मागितल्यासारखं होतं. (पुरुष पण म्हणतात कसचं कसचं, नाही असं नाही, पण आमच्याकडचे बहुतेक ‘होणारच ना सर’ म्हणून मोकळे होतात.)

मग म्हणायचं काय? थँक्यू बिनधास्त म्हणा, तो आता मराठीच झालाय. धन्यवादात तसं चूक काही नाही, फक्त त्यात आपण उलट समोरच्यालाच धन्य म्हणतो. ‘बरं वाटलं ऐकून’ हे मला सगळ्यात आवडतं, त्यात नकारही नाही आणि तोराही नाही. आणि सोलापूरकरांकडं तर आपलं म्हणणं ठासून सांगायचा ‘की’ आहेच. त्या पोरीला मी तेच सांगितलं, परवा साहेब परत म्हणाले, चांगलं जमवलंस, तर ही हळूच म्हणाली, ‘तीन दिवस बसले होते की त्यावर.’ साहेबांनी विचारलं, तीन दिवस?